दुधातील साखर आणि स्त्रीचे बीजांडकोश
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाची पत्रके आपल्या हाती आहेतच. आज एका वेगळ्या प्रश्नाविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. आमच्या वंध्यत्व विभागात येणाऱ्या काही भगिनींनी दूध सोडलेले असते. दुधातील साखरेने बीजांडकोश निकामी होतात, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकात आमचा अधिकार नाही. डॉक्टरांकडून समजून घेतले तेवढेच आपणापुढे ठेवतो.

दुधातील लॅक्टोज या साखरेचे आतड्यात ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन भाग होतात. गॅलॅक्टोज पचवून उपयोगात आणण्यासाठी लागणारे एक विकर क्वचित एखाद्या बालकात जन्मतःच नसते. हा गॅलॅक्टोसेमिया. आईवडील निरोगी असतात. दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो होतो. अंगावर पिऊ लागल्यावर थोड्याच दिवसांत उलट्या, कावीळ, यकृताची सूज, जंतुसंसर्ग आणि मोतीबिंदू. अशा वेळी आईचे दूधही थांबवून सोयाबीनपासून केलेले लॅक्टोजविरहित अन्न द्यावे लागते. त्याने प्राण वाचतात. मात्र १९८१ साली अमेरिकेत असे दिसून आले की, यातील बहुतेक मुलींचे बीजांडकोश अकाली दुर्बल होतात, पथ्य काटेकोर पाळले तरीही. आज हे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक मानतात. मुलग्यांना सहसा ही बाधा होत नाही. तरीही यांपैकी काही स्त्रियांना नैसर्गिक गर्भधारणा झालेली आहे, हे त्यांच्या आईवडिलांना आवर्जून सांगावयास हवे.

भीतीचे मूळ हे. परंतु ते विकर ज्यांच्यात आहे, त्यांचे काय? बॉस्टनचे डॉ. डॅनियल क्रेमर व सहकाऱ्यांनी १९९४ साली ३६ देशांचे आकडे मांडले. जेथे दूध अधिक प्याले जाते व प्रौढांना ते पचते, तेथे वयाबरोबर प्रजननक्षमता अधिक वेगाने घटते, असा त्यांचा निष्कर्ष. आकड्यांत आयुष्य गेल्यामुळे आम्ही येथे थबकतो. देशाच्या बेरजेवरून एका घराचा हिशेब निघत नाही. लग्नाचे वय आणि संततिनियमन यांचाही जन्मदरावर परिणाम होतो. २००७ साली १८,५५५ अमेरिकन परिचारिकांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या प्रमाणातील लॅक्टोजचा आणि बीजोत्सर्ग न झाल्याने येणाऱ्या वंध्यत्वाचा संबंध त्यात आढळला नाही. उलट, साय काढलेल्या दुधाच्या पदार्थांबरोबर धोका वाढलेला आणि सायीच्या पदार्थांबरोबर कमी दिसला! अर्थात एवढ्यावरून कोणी रोज वाटीभर साय खाऊ नये.

दूध सोडण्याचा खरा तोटा निराळाच आहे. शाकाहारी घरातील स्त्रीचे कॅल्शियम व प्रथिने त्यामुळे घटतात. त्याहून वाईट म्हणजे, पथ्याचा गुण येईल या आशेवर वर्ष-दोन वर्षे निघून जातात. थायरॉइड, गर्भनलिका, जननेंद्रियांचा क्षयरोग यांची तपासणी राहून जाते. पतीची तपासणी तर बहुधा कोणी सुचवीतच नाही. वय मात्र थांबत नाही.

नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घेऊन गॅलॅक्टोसेमियाची चाचणी करता येते. आमच्या प्रसूती विभागात ती गरजू कुटुंबांसाठी विनामूल्य व्हावी, अशी तरतूद आम्ही आगामी अंदाजपत्रकात सुचविली आहे. विश्वस्तांनी तीस मान्यता द्यावी. ज्या घरी पूर्वी एखादे बाळ जन्मानंतर लवकरच कावीळ व उलट्या होऊन दगावले असेल, त्यांनी पुढील प्रसूतीपूर्वीच बालरोगतज्ज्ञांना तसे सांगावे.