पत्त्यावर नाव कुणाचं?

(दादर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



टॅरो म्हटलं की भविष्य सांगणारे पत्ते आठवतात. मी भविष्य सांगायला आलेली नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी निघाले. भविष्याशी त्यांची सांगड पडली ती अठराव्या शतकात. आज जगभर चालणारा एक संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. त्यातली ७८ चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईनं काढली. संच मात्र ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावानं. तिला मिळाला थोडका मोबदला, आणि चित्रात तिची आद्याक्षरं तेवढी उरली.

लालबाग-परळला ही गोष्ट नवी नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्यांच्या कष्टाला कुणी 'काम' म्हणत नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केलं, तेव्हा कुठे बँकेची दारं उघडली.

आमच्या वस्तीतल्या गटात आम्ही टॅबवर आपापले पत्ते काढायला घेतले. 'मनात काय चाललंय?' असं विचारलं की 'काही नाही' हेच उत्तर यायचं. दहा बाय बाराच्या खोलीत मन मोकळं करायला जागा कुठे? चित्र काढताना मात्र बायका बोलू लागल्या. एकीनं माळ्यावरची ट्रंक काढली. आत लग्नाआधी आलेलं नोकरीचं पत्र. दुसरीनं काढली रात्री अकरानंतरची, तिच्या एकटीची गॅलरी. कागद वाया जाण्याची धास्ती नव्हती. पुसायचं, पुन्हा काढायचं. अर्थ मी सांगत नाही. जिचा पत्ता तीच सांगते. झोपच उडाली, जीव नकोसा झाला, तर चित्रावर भागत नाही. अशा वेळी आम्ही सोबत केईएमच्या मानसोपचार विभागात जातो.

पत्ते छापायचं ठरलं आणि नावाचा प्रश्न आला. ट्रंकवालीनं नाव घातलं, तेही माहेरचं. दुसरी नको म्हणाली. घरी कळलं तर ती गॅलरीही जाईल. (हे तिला विचारूनच सांगते आहे.) काहीजणी म्हणाल्या, "मग पामेलासारखंच झालं की!" मला तसं वाटत नाही. पामेलाचं नाव दुसऱ्यांनी गाळलं, हिनं आपलं नाव स्वतः राखून ठेवलं. तिच्या पत्त्यावर नावाची जागा आम्ही कोरी ठेवली आहे.

तुम्हीही वस्त्यांतून चित्रं, गाणी, अनुभव गोळा करता. छापण्याआधी त्या बाईला एवढं जरूर विचारा : तुझं नाव घालू का?