तोंडाने घ्यायचे सलाईन

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला रुळांवरचा माणूस. महाप्रसादाच्या तोंडावर जुलाबाविषयी बोलतो, त्याबद्दल वहिनींनी माफ करावे.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या एका ट्रॅकमनला साइटवर जुलाब सुरू झाले. सोबत्यांनी त्याचे पाणी तोडले. पाणी दिले की जुलाब वाढतात म्हणे. मीही मान डोलावली, कारण माझी आई आम्हा भावंडांना असेच ठेवायची. दुपारी त्याचे डोळे खोल गेले, लघवी थांबली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "साहेब, हा जुलाबाने नाही, पाण्यावाचून चालला होता." तो वाचला. दिवाळीला मिठाई घेऊन आला, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना.

आपल्यातले बरेच जण सियालदह-बनगाव लोकलने गेले असतील. १९७१ साली त्याच बनगावात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली. नातेवाईकच रुग्णांना पेल्याने पाजू लागले. लोकांचा विश्वास सलाईनवर, म्हणून याला नाव दिले 'ओरल सलाईन'. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळाले २०२३ साली, मरणोत्तर. असो.

जुलाबात नुसते पाणी आतड्यात नीट शोषले जात नाही. साखरेबरोबर मीठ आत जाते आणि मिठामागून पाणी. इंजिन लागले की डबे हलतात, तसेच. पण माप चुकवू नका. पुडीवर एक लिटर लिहिले असेल तर लिटरभरच पाणी घ्या, अर्ध्या पेल्यात कालवू नका. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. रक्त पडले, गुंगी आली किंवा लघवी थांबली, तर तडक इस्पितळ गाठा.

आमच्या गँगच्या पेटीत आता पान्यांशेजारी पुड्या असतात. त्यांची मोजदाद तोच ट्रॅकमन ठेवतो. एक जरी कमी झाली तरी मला फोन येतो.

पाने वाढली आहेत, मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया!