एका कुंडीतून घरोघरी पुदिना

आम्ही गटातल्या बायका आज तुमच्याशी पुदिन्याबद्दल बोलणार आहोत. पुदिन्याचं काय एवढं, असं आम्हालाही वाटायचं. पण मागच्या उन्हाळ्यात चांगलाच धडा मिळाला.

आमच्या गटाच्या पुदिन्याच्या सहा कुंड्या होत्या, सगळ्या एकाच ताईंच्या ओट्यावर. मे महिन्यात ताई भावाच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेल्या. आम्हाला प्रत्येकीला वाटलं, दुसरी पाणी घालेल. कुणीच घातलं नाही. पाच कुंड्या वाळून गेल्या. सहावी पाझरणाऱ्या माठाखाली होती, म्हणून तेवढी जगली. तिला सावलीत ठेवून रोज पाणी दिलं. नवे फुटवे आले, आणि त्यांच्यापासूनच आम्ही पुन्हा रोपं केली. कशी, ते ऐका.

फुलावर न आलेली, हिरवीगार काडी घ्या, चार-पाच इंचांची. पेराच्या लगेच खाली कापा, कारण मुळं पेरापाशी फुटतात. खालची पानं काढून टाका, शेंड्याची राहू द्या. पेल्यात पाणी घेऊन खालची एक-दोन पेरं बुडतील एवढीच काडी ठेवा. पान पाण्यात राहिलं की सडतं. आमच्या पहिल्या पेल्याला असाच वास सुटला होता. एक दिवसाआड पाणी बदला. पेला उजेडात असू द्या, कडक उन्हात नको. आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. ती इंच-दीड इंच झाली की काडी मातीत लावा.

कुंडी विकत आणायला नको. तेलाचा जुना डबा चालतो, फक्त बुडाला भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. एका डब्यात तीन काड्या लावा. चार-पाच दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात. माती ओलसर हवी, चिखल नको.

याहून सोपी रीत म्हणजे कुंडीच्या कडेने पसरलेली, मुळं फुटलेली फांदी मुळांसकट तोडून लावायची. पानाखाली नारिंगी-तपकिरी ठिपके असले तर तो तांबेरा. त्या झाडाची काडी घेऊ नका. आणि पुदिना वाफ्यात मोकळा लावू नका. तो सगळीकडे पसरतो आणि दुसऱ्या भाजीला जागा ठेवत नाही.

रोप वीतभर झालं की शेंडे खुडा, बाजूने फुटवे येतात. खुडलेल्याची चटणी होते.

आता आमच्या गटात प्रत्येकीच्या दारात एक डबा आहे. नियम एकच: आपलं रोप जगलं की दोन काड्या शेजारणीला द्यायच्या. एकीचं वाळलं, तरी दुसरीकडे असतंच. मग मैत्रिणींनो, आजच एक काडी पाण्यात ठेवा.