आबादानच्या तेलासाठी



१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून फौजेने भरलेली जहाजे इराणच्या आखाताकडे निघाली. पुणे डिव्हिजनची ही ब्रिगेड होती आणि तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. तुर्कस्तानशी युद्ध अजून जाहीरही झाले नव्हते! ब्रिटनने ते ५ नोव्हेंबरला पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी ही फौज शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी, फाओला उतरली.

एवढी घाई कशासाठी? आखाती शेखांवर वचक ठेवायचा होता, हे खरे. पण नदीच्या वरच्या अंगाला, आबादान बेटावर, तेलशुद्धीचा कारखाना होता. इराणमधल्या मस्जिद सुलेमानला १९०८ साली लागलेले तेल नळांतून तिथे येई. ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलाकडे वळत होते. वेल्समध्ये कोळसा हवा तेवढा. तेल मात्र परक्याच्या भूमीत. म्हणून आरमारमंत्री चर्चिल यांच्या आग्रहाने सरकारने १९१४ मध्येच २२ लाख पौंड मोजून अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे ५१ टक्के भाग घ्यायचे ठरवले. मालक सरकार, आणि राखणीला आपली माणसे.

बसरा हाती आल्यावर सेनापतींना बगदादची हाव सुटली. ती अंगाशी आली. डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची फौज कूत गावात तुर्कांकडून वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. धान्य आटले, तेव्हा घोडे कापले. धर्म बुडेल या भीतीने कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस शिवले नाही. भाजीपालाही नव्हता, हिरड्या सुजल्या, त्यांतून रक्त येऊ लागले. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. पुढे कैदेतल्या पायपिटीत हजारो गेले.

बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली आहेत. आपल्या साध्या शिपायांचा, पलटणीगणिक, नुसता आकडा! सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांची मुले होती ती. हा अन्याय मला आजही सलतो.

३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कस्तानशी युद्धविरामाचा करार झाला, तरी ब्रिटिश फौज थांबली नाही. नोव्हेंबरात तिने मोसुल घेतले. त्याच प्रांतात, किर्कूकजवळ, १९२७ साली तेलाचा प्रचंड फवारा उसळला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश, डच, फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांनी त्याचे वाटे ठरवून घेतले. ज्या इराकच्या पोटातून तेल निघाले, त्याला मालकीत एक टक्काही मिळाला नाही.