औषध खाचरातल्या पाण्यात नको



आपण आवणी आटोपून, कधी अर्धी टाकून वारीला निघतो. परत यावं तर ठाकूरवाडीच्या भातात खोडकिडा. मग पाठीला पंप! औषध किड्याला थोडं, बाकी पाण्यात, तिथून ओढ्याला. अन् चिंबोऱ्या, वलगणीचे मासे आपण तिथंच धरतो. २०१७ साली यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली.

कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते. वास हळूहळू सुटतो, नर पतंग अडकतो. भाताला थेंबही लागत नाही. हेक्टरी २० सापळे. गोळी मात्र भाताच्या खोडकिड्याचीच मागा. आवणीआधी रोपांचे शेंडे खुडा, अंडी तिथंच असतात. पतंग बांध ओळखत नाही, तेव्हा लागून खाचरं असलेल्यांनी यंदा मिळूनच सापळे लावूया.