पाटीवर आकडा आहे, नावं कुठे आहेत?

आजचा भाग नेहमीसारखा नवीन ॲप किंवा नोकरीच्या इंटरव्ह्यूबद्दल नाही. थोडं कोडिंग आहे यात, पण सुरुवात एका पाटीपासून करायची आहे.

माझं गाव सातारा जिल्ह्यात. नोकरी पुण्यात, जमेल तसं शनिवार-रविवार गावी. आमच्या चावडीच्या भिंतीत एक जुनी संगमरवरी पाटी बसवलेली आहे. तिच्यावर इंग्रजीत एवढंच कोरलंय की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ६३ जण गेले आणि त्यातल्या ११ जणांनी प्राण दिले. बस्स. एकही नाव नाही. अशा पाट्या फक्त आमच्याकडेच नाहीत बरं का. सातारा जिल्ह्यात, कोकणात बऱ्याच गावांत इंग्रज सरकारने त्या बसवल्या. आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. तिथली इतकी माणसं सैन्यात, की गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे.

आता सोहळा कसा होतो ते सांगतो. १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की सगळे चावडीपुढे जमतात. माजी सैनिक मेडल लावून एका रांगेत उभे राहतात. सरपंच पुष्पचक्र वाहतात, दोन मिनिटं स्तब्धता. मग १९६५ आणि १९७१ च्या युद्धात गेलेल्या गावातल्या दोघांची नावं घेतात. त्यांच्या घरची माणसं पुढे येऊन फूल वाहतात. आणि शेवटी माईकवरून एक वाक्य येतं, ‘तसेच पहिल्या महायुद्धातले आपले ११ वीर.’ मग भारतमाता की जय, मग पोरांना जिलेबी.

लहानपणापासून मी हे ऐकत आलोय. त्या वाक्यात काही कमी आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी हा कार्यक्रम फोनवर शूट करून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मुंबईला असलेल्या एका ताईंचा लगेच मेसेज आला, ‘त्या ११ मध्ये आमचं कोणी आहे का रे? आजी म्हणायची, तिचे आजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत.’

बसरा. इराकमधलं. तिथपासून मी शोधायला लागलो.

थोडा इतिहास, दोन मिनिटांत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी सहावी पुणे डिव्हिजन गेली तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कुत या गावाला वेढा घातला. आतली फौज जवळजवळ पाच महिने अडकली. अन्न संपलं, घोडी-खेचरं मारून खाल्ली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. त्यातली बरीच परत आली नाहीत.

मला वाटलं होतं, आपल्या लोकांची नावं इंडिया गेटवर असतील. तिथे तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, पण पहिल्या महायुद्धात मेलेले भारतीय सुमारे ७४,००० आहेत. मग बसऱ्याचं स्मारक सापडलं. चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी ते बांधलेलं आहे. तिथे गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि साध्या भारतीय शिपायांचे? पलटणीप्रमाणे आकडे. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन उभा राहिलो. म्हणजे गावातल्या पाटीवरही आकडा आणि तिकडे वाळवंटातल्या दगडावरही आकडाच.

ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून हे मान्य केलं. किमान १,१६,००० लोकांचं, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्यांचं, नावाने स्मरण झालंच नाही किंवा अजिबातच झालं नाही, असं त्यात म्हटलंय. माफीही मागितली.

पण त्यांच्या वेबसाइटवर मेलेल्यांचा एक डेटाबेस आहे, फुकट. त्यात बऱ्याच भारतीयांची नोंद आहे. नाव, हुद्दा, पलटण आणि कधीकधी बापाचं नाव, गाव, जिल्हा. झालं, मी म्हटलं, आपल्या हातचं काम.

हातचं कसलं! आपल्या नावांची साहेबाच्या कारकुनाने काय स्पेलिंगं केलीत म्हणून सांगू! जाधवच्या शेवटी कधी व्ही, कधी ओ. गावाच्या नावाची तर पाच रूपं सापडली. कित्येक नोंदींत आडनावच नाही. शेवटी मी निकाल एक्सेलमध्ये उतरवून घेतले आणि मिळतीजुळती स्पेलिंगं शोधणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. यादी फार मोठी होत होती म्हणून फिल्टर लावला, हुद्दा शिपाई, नाईक किंवा हवालदार असेल तरच घ्यायचं. सात नावं मिळाली. मुंबईच्या ताईंचे खापरपणजोबाही त्यात होते. त्या फोनवर रडल्या. मीही हवेत होतो.

मग एका रविवारी बुद्धविहारामागच्या वस्तीतले एक आजोबा घरी आले. म्हणाले, “आमचं बी बघ की रं जरा. आमच्या आज्याचा भाऊ खेचरं घेऊन बसऱ्याला गेल्ता.” मी यादी बघितली आणि सांगून टाकलं, “नाही सापडले, आजोबा.” ते ‘बरं’ म्हणाले आणि निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

रात्री झोप येईना. खेचरं घेऊन गेला म्हणजे तो शिपाई नव्हता. आणि मी तर फिल्टर लावला होता! उठून फिल्टर काढला, पुन्हा शोधलं. दहा मिनिटांत सापडले. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव आपलंच. हुद्दा, ‘फॉलोअर’.

आपल्याला फॉलोअर म्हटलं की इन्स्टाग्राम आठवतं. तेव्हाच्या लष्करात फॉलोअर म्हणजे भिस्ती, आचारी, सफाईवाला, खेचरं हाकणारा, जखमींना उचलणारा. त्या युद्धात हिंदुस्थानने जी सुमारे १४ लाख माणसं दिली, त्यातली साडेपाच लाखांच्या आसपास अशी न लढणारी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आजोबांकडे गेलो आणि खरं ते सांगितलं, की नोंद होती, मीच गाळली होती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नाव बरूबर लिवलंय का?” बरोबर लिहिलं होतं.

पुढची पायरी गावची बैठक. चावडीत यादी वाचली. आठव्या नावाला आमच्याच भावकीतले एक काका म्हणाले, “हे शिपाई नव्हते ना पण? खेचरांमागं होते. वीरांच्यात कसं धरायचं?” मला त्यांचा राग येणार होता, पण आला नाही. कारण हीच ओळ मी स्वतः माझ्या प्रोग्रॅममध्ये लिहिली होती. काकांनी निदान तोंडावर विचारलं. मी तर न विचारताच एका माणसाला वगळलं होतं आणि त्याच्या घरच्यांना ‘सापडले नाहीत’ म्हणून सांगितलं होतं.

मी एवढंच म्हटलं, “काका, पाटीवर ११ लिहिलंय. ते ११ कोण, हे पाटी सांगत नाही.” त्यावर १९७१ ची लढाई केलेले आमचे सुभेदार नाना बोलले. म्हणाले, “आम्ही पुढं होतो. रेशन आणि गोळी मागून यायची. आणणारा आला नसता तर मी आज हितं बसलो नसतो. नाव घ्या.” काका काही बोलले नाहीत. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

गेल्या १५ ऑगस्टला पहिल्यांदा ती नावं चावडीपुढे वाचली गेली. सातवीतल्या एका मुलीने वाचली. एकेक नाव, बापाचं नाव, पलटण. प्रत्येक नावाला त्या घरचं कोणी ना कोणी पुढे येऊन फूल वाहत होतं. आठव्या नावाला ते आजोबा आले, पांढरा सदरा घालून, नातवाचा हात धरून. आमच्या गावात त्या वस्तीतलं कोणी पाटीला फूल वाहताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. मागे बसून ऐकायचे आणि घरी जायचे. काका आले होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि उभे राहिले.

शेवटी त्या मुलीने वाचलं, ‘तीन नावं अजून मिळायची आहेत.’ हे वाक्य नानांनी यादीत घालायला लावलं होतं. ते म्हणाले, पाटीवर अकरा आहेत, आपण आठवर थांबायचं नाही.

ती नावं मी आज या भागात घेतलेली नाहीत. ती घरच्यांची आहेत, गावात घेतली जातात, तिथेच शोभतात.

तुमच्या गावात अशी पाटी असेल तर एक काम करा. फोटो काढा. आकडा टिपून घ्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘बसरा’ शब्द कधी ऐकलाय का? मग डेटाबेस उघडा, स्पेलिंग दहा प्रकारे टाकून बघा. आणि हुद्द्याचा फिल्टर लावू नका. यादी मोठी होईल, होऊ द्या. वस्तीवस्तीत जाऊन विचारा, कारण आडनाव नसलेली नोंद फक्त घरच्यांनाच ओळखू येते.

आमची तीन नावं अजून बाकी आहेत. सापडली की सांगेनच. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.