‘च’ कुठे आहे ते शोधा



दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी आमच्या टीममधले निम्मे लोक कंपनीने कमी केले. मी राहिलो, पण झोप गेली. रात्री तीनला उठून लॅपटॉप उघडायचा, मेल बघायचे, बंद करायचा. तीन महिन्यांनी पुण्यात एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. घरी सांगितलं, क्लायंटचा कॉल आहे.

बसल्याबसल्या मी त्यांचीच मुलाखत घेतली. शिक्षण काय? अनुभव किती? त्या चिडल्या नाहीत. मानसशास्त्रात एम. ए., आधी शाळेत काम, मग ‘आरईबीटी’चं प्रशिक्षण. ‘मी औषध देत नाही,’ त्या म्हणाल्या. ते काम मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे डॉक्टरचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायची. मोबाइल घेताना आपण याहून जास्त चौकशी करतो!

आरईबीटी ही अल्बर्ट एलिस यांची पद्धत. न्यूयॉर्कचे हे गृहस्थ आधी बिझनेस शिकले, नंतर मानसशास्त्र. मनोविश्लेषण करायचे, पण त्याचा गुण फार सावकाश येतो असं वाटून १९५५च्या सुमारास त्यांनी आपली वेगळी वाट धरली. घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपण स्वतःला ऐकवलेलं एक वाक्य असतं, ते पकडायचं.

माझं वाक्य मॅडमनी लगेच पकडलं. मी म्हणालो, ‘नोकरी टिकलीच पाहिजे.’ त्यांनी कागदावर फक्त ‘च’ लिहिला आणि त्याला गोल केला. नोकरी टिकावी असं वाटणं बरोबर आहे, म्हणाल्या, झोप या ‘च’ने उडवली आहे.

मला राग आला. म्हटलं, माझं नाव ऐकून तीन घरमालकांनी नकार दिलाय, पगार थांबला तर पुन्हा घर शोधायचं? त्यावर त्या म्हणाल्या, ‘तो अन्याय आहे. तो तुमच्या विचारातला दोष नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही.’ त्या दिवशी माझा विश्वास बसला.

‘नोकरी गेली तर अब्बू तोंड दाखवणार नाहीत कुणाला,’ असंही मी म्हणालो होतो.

‘असं ते म्हणाले?’

‘नाही.’

‘मग या आठवड्याचा गृहपाठ: त्यांना विचारून या.’

चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी जेवताना सगळं सांगितलं, क्लायंटच्या कॉलसकट. अब्बूंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, ‘मिल बंद झाली तेव्हा मी दोन वर्षं घरी होतो. तू लहान होतास.’ मग जरा थांबून, ‘फी किती घेतात त्या?’